टोपणनावांचे शब्दकोडे सोडवताना

'मैदानावर धावलेली एक्सप्रेस कोणत्या गावाची? अक्षरे पाच.' शब्दकोड्यात असे शोधसूत्र आले, की क्रिकेट पाहणारा माणूस पेन उचलून 'रावळपिंडी' लिहून मोकळा होतो. शोएब अख्तरला रावळपिंडी एक्सप्रेस म्हणत. 2003च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध त्याने ताशी 161.3 किलोमीटर वेगाने चेंडू टाकला होता, तो अजून अनेकांच्या डोळ्यांसमोर आहे. अक्षरेही बरोबर भरतात: रा, व, ळ, पिं, डी.

पण पाच अक्षरांचे आणखी एक गाव याच सूत्रात बसते. नाशिक जिल्ह्यातले सावरपाडा. तिथली कविता राऊत ही सावरपाडा एक्सप्रेस. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने 10,000 मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत याच अंतरात रौप्य. सा, व, र, पा, डा. दोन्ही गावांची अक्षरे पाच आणि दोन्हींचे दुसरे अक्षर 'व'. सूत्रातली 'धावलेली' इथे काहीच मदत करत नाही, कारण ते स्त्रीलिंग एक्सप्रेसचे आहे, खेळाडूचे नव्हे.

खेळाडूंच्या टोपणनावांवर बेतलेले कोडे इतर कोड्यांहून वेगळे पडते ते इथे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अभ्यासिकांत पोलीस भरतीची तयारी करणारी मुले सकाळी मैदानावर 1600 मीटर मारतात आणि दुपारी सामान्य ज्ञानाची पुस्तके घोकतात. त्या पुस्तकांत टोपणनावांच्या याद्या असतात: अमुक म्हणजे तमुक, एकासमोर एक. परीक्षेला तेवढे पुरते. कोड्याला पुरत नाही, कारण एकच टोपणनाव दोघांचे असते आणि एकाच खेळाडूला दोन-तीन टोपणनावे असतात. यादी पाठ असणारा म्हणूनच पहिल्या दोन मिनिटांत भराभर घरे भरतो आणि मग अडकतो. हे कोडे सुटते ते छेदघरांवर, म्हणजे आडवा आणि उभा शब्द जिथे एकमेकांना भेटतात त्या घरांवर.

आधी अक्षरे मोजण्याचे बघू, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. इंग्रजी कोड्यात एका घरात एक वर्ण असतो. मराठीत एका घरात पूर्ण अक्षर बसते, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळे धरून. अर्धे अक्षर एकटे राहत नाही, ते पुढच्याला जोडूनच घरात जाते. म्हणून 'मास्टर' तीन घरांचा: मा, स्ट, र. रफारही ज्याच्या डोक्यावर आहे त्याच्याच घरात: कर्नल म्हणजे क, र्न, ल. विदर्भ म्हणजे वि, द, र्भ. नवखा माणूस 'कर्नल'ला चार घरे मागतो, ती मिळत नाहीत, आणि तो उत्तर चुकले असे समजून खोडतो. बरोबर उत्तर खोडायचे हे सगळ्यात सामान्य कारण असावे.

इंग्रजीतून आलेल्या शब्दांत आणखी एक अडचण आहे. 'एक्सप्रेस' असे लिहिले तर घरे चार: ए, क्स, प्रे, स. काही जण 'एक्स्प्रेस' लिहितात, मग तीनच होतात, कारण मधले सगळे जोडाक्षर एका घरात कोंबले जाते. अनिल कुंबळेचे 'जंबो' कोणी 'जम्बो' लिहिले तर घरे दोनच राहतात, पण दोन्ही घरांतला मजकूर बदलतो. म्हणून परभाषेतला शब्द दिसला, की आधी रिकामी घरे मोजायची आणि कोडे रचणाऱ्याने कोणते लेखन धरले असेल ते त्यावरून ओळखायचे. उलट अस्सल मराठी शब्दांना शुद्धलेखनाचा एक नियम मदतीला येतो. शब्दाच्या शेवटचा इकार किंवा उकार सहसा दीर्घ असतो. 'आणि', 'परंतु' असे अपवाद सोडले, तर छेदातून शेवटच्या घरात ऱ्हस्व वेलांटी आली की कुठेतरी गडबड झाली आहे असे समजावे.

आता कागद घ्या आणि सात ओळी, पाच रकाने आखा. पहिल्या ओळीत चौथे आणि पाचवे घर मोकळे ठेवा. दुसऱ्या ओळीत फक्त चौथे. तिसऱ्या ओळीत पहिली चार. चौथ्या ओळीत फक्त तिसरे. पाचव्या ओळीत पाचही. सहाव्या आणि सातव्या ओळीत फक्त दुसरे. बाकीची घरे काळी करा. 35 पैकी 15 घरे पांढरी राहतात. काळे फार वाटेल, पण मराठी कोडे तसेच असते. मात्रेसकट अख्खे अक्षर दोन शब्दांत जुळवायचे म्हणजे शब्द सहजी गुंतत नाहीत. त्याची भरपाई अशी, की एक छेदघर भरले की ते पुष्कळ सांगून जाते.

पहिल्या ओळीच्या चौथ्या घरात 1 लिहा. तिसऱ्या ओळीच्या पहिल्या घरात 2 आणि तिसऱ्या घरात 3. पाचव्या ओळीच्या पहिल्या घरात 4, दुसऱ्या घरात 5. सूत्रे अशी:

आडवे
1. महेंद्रसिंग धोनी, चाहत्यांच्या तोंडी (2)
2. पतौडीचे नवाब आणि गोल्फचा वुड्स, दोघांचे एकच (4)
4. मैदानावर धावलेली एक्सप्रेस या गावाची (5)

उभे
1. 'लिटल'च्या पुढे आणि 'ब्लास्टर'च्या मागे (3)
3. शिखर धवन, ताडोबातला एक नर वाघही (3)
5. गडचिरोली जिल्ह्यातले रेल्वे स्टेशन, झाडीपट्टी नाटकांचे गाव (3)

बहुतेक जण 1 आडव्यापासून सुरुवात करतील, कारण धोनी सगळ्यांना ठाऊक. इथेच थांबा. धोनीला 'माही' म्हणतात आणि चेन्नईवाले 'थाला' म्हणतात. दोन्ही दोन अक्षरी, दोन्ही चाहत्यांच्याच तोंडचे. 'कॅप्टन कूल' घरांच्या मोजणीत बाद होते, पण उरलेल्या दोघांत निवड करायला सूत्रात काही आधार नाही. असे सूत्र सोडून पुढे जायचे. पेन्सिलीनेसुद्धा लिहू नये, कारण एकदा लिहिलेले अक्षर डोळ्यांना खरे वाटू लागते.

1 उभ्याकडे या. हे सूत्र माणसाचे नाव विचारतच नाही. 'लिटल मास्टर' म्हटले की आपल्याकडे सुनील गावस्कर आठवतात. पण त्यांच्या आधी पाकिस्तानच्या हनीफ मोहम्मदला लिटल मास्टर म्हणत. त्याने 1958 साली ब्रिजटाउनला 337 धावांची डोंगराएवढी खेळी केली होती. मास्टर ब्लास्टर म्हणजे सचिन तेंडुलकर, आणि कधीकधी त्यालाही लिटल मास्टर म्हटले गेले. 'लिटल मास्टर कोण?' असे विचारले असते तर तीन माणसे दारात उभी राहिली असती. रचणाऱ्याने माणसांना बाजूला ठेवून दोन्ही नावांना जोडणारा शब्द मागितला, म्हणून उत्तर एकच उरले: मास्टर. मा, स्ट, र. लिहून टाका.

त्याबरोबर 1 आडव्याचे पहिले घर 'मा' झाले. थाला गेला, माही राहिला.

मास्टरचा 'र' तिसऱ्या ओळीच्या चौथ्या घरात येतो, म्हणजे 2 आडव्याचे शेवटचे अक्षर 'र'. मन्सूर अली खान पतौडी यांना लहानपणापासून टायगर म्हणत. 1961 साली मोटार अपघातात त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली आणि पुढच्याच वर्षी, एकविसाव्या वर्षी, वेस्ट इंडीजमध्ये ते भारताचे कर्णधार झाले. गोल्फपटू वुड्सचे खरे नाव एल्ड्रिक. त्याच्या वडिलांनी व्हिएतनाम युद्धातल्या आपल्या एका सैनिक मित्राचे टोपणनाव मुलाला दिले. पतौडी माहीत नसले तरी वुड्सवरून आणि वुड्स माहीत नसला तरी पतौडींवरून उत्तर निघते. चांगल्या सूत्रात अशा दोन वाटा असतात. टा, य, ग, र.

3 उभ्याचे पहिले घर आता 'ग'. धवन रणजीच्या दिवसांत फलंदाजाजवळ क्षेत्ररक्षण करताना शोलेतल्या गब्बरचे संवाद म्हणायचा, त्यावरून त्याचे नाव गब्बर पडले. ज्याला क्रिकेटमध्ये रस नाही तो चंद्रपूरकर हे घर ताडोब्याच्या वाटेने भरेल. वन विभागाच्या कागदावर वाघांना क्रमांक असतात, पण मोहर्ली किंवा कोलाऱ्याच्या गेटवर जिप्सीचे चालक आणि गाइड क्रमांकाने फारसे बोलत नाहीत. टी-12 ही त्यांची माया. शिवाय मटकासुर, वाघडोह, गब्बर. वाघांची ही नावे आणि खेळाडूंची टोपणनावे एकाच पद्धतीने पडतात: कुणीतरी एक जण सहज म्हणतो, बाकीच्यांना ते पटते आणि मूळ नाव मागे पडते. पेलेचे खरे नाव एडसन होते हे किती जणांना आठवते? वाघांच्या टोपणनावांचे वेगळे कोडे मला खेळाडूंच्या कोड्यापेक्षा जास्त आवडेल. 'मटकासुर' तर पाच घरे भरून देतो आणि त्यातली म, ट, का, र ही अक्षरे कुठेही छेदता येतात.

गब्बर खाली उतरून पाचव्या ओळीत पोचला, तिथे त्याचा 'र' 4 आडव्याच्या तिसऱ्या घरात बसला. आता पाच अक्षरांच्या गावाचा निकाल लागतो. रावळपिंडीचे तिसरे अक्षर 'ळ', सावरपाड्याचे 'र'. उत्तर सावरपाडा.

समजा, तुम्ही गब्बर सोडवलाच नसता आणि आधी रावळपिंडी लिहून बसला असता. मग 5 उभ्याकडे गेला असता. गडचिरोली जिल्ह्यातल्या त्या स्टेशनच्या तालुक्याचे नाव कागदोपत्री देसाईगंज. पण दे, सा, ई, गं, ज ही पाच घरे होतात आणि इथे तीनच आहेत. लोकांच्या तोंडी ते वडसाच. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या मार्गावरचे हे स्टेशन. नाटक कंपन्यांमुळे झाडीपट्टीत वडसा कुणाला सांगावे लागत नाही. व, ड, सा. आणि हा 'व' रावळपिंडीच्या 'व'शी बेमालूम जुळतो! एक छेद जुळला म्हणून माणूस निर्धास्त होतो. जुळलेला छेद उत्तर बरोबर असल्याची खात्री देत नाही. न जुळलेला मात्र ते चूक असल्याची खात्री देतो, निदान दोघांपैकी एक तरी. त्यामुळे लांब शब्दाला दोन छेद मिळेपर्यंत तो कच्चाच धरावा.

एक्सप्रेसचे कुळ एवढ्यावर संपत नाही. पी. टी. उषा पय्योली एक्सप्रेस. 1984च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये 400 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या भागाने तिचे पदक गेले. आसामची हिमा दास ढिंग एक्सप्रेस. आणि आपल्याकडे उमेश यादव, विदर्भ एक्सप्रेस. नागपूरजवळच्या वलनीच्या खाण वसाहतीत वाढलेला मुलगा, वडील कोळसा खाणीत कामाला. 2011 साली तो कसोटी खेळला तेव्हा विदर्भाकडून तिथवर पोचलेला तो पहिला क्रिकेटपटू होता. बल्लारपूर किंवा माजरीच्या वसाहतीत हे नाव कोड्यात आले की सूत्राची गरजही पडत नसेल. पय्योली आणि विदर्भ दोन्ही तीन घरांचे, ढिंग दोन घरांचे. या सगळ्या एक्सप्रेसची घरसंख्या एकदा मोजून ठेवली तर पुढे फार वेळ वाचतो.

'कर्नल' हे असेच दोघांचे नाव. पहिले कर्नल नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू, 1932 साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार. होळकरांच्या फौजेतला त्यांचा हुद्दा नावाला चिकटला. दुसरे दिलीप वेंगसरकर. त्यांच्या फटक्यांत लोकांना नायडू दिसले, म्हणून हुद्द्याचा वारसा त्यांच्याकडे आला. दोघेही लॉर्ड्सशी जोडलेले, कारण वेंगसरकरांनी तिथे 1979, 1982 आणि 1986 अशी तीन शतके केली. 'लॉर्ड्सचे कर्नल' असे सूत्र चतुर वाटेल, पण ते दोघांनाही लागू पडते. अशा वेळी घरे मोजा: नायडू तीन, वेंगसरकर सहा.

टोपणनाव आणि पदवी यांतही फरक करावा. 'हिंदकेसरी' किंवा 'महाराष्ट्र केसरी' हे कुस्ती मारून मिळवलेले किताब आहेत, ते दरवेळी नव्या मल्लाकडे जातात. सूत्रात किताब असेल तर साल शोधा, सालाशिवाय तो निरुपयोगी. खाशाबा जाधवांना 'पॉकेट डायनॅमो' म्हणत, ते टोपणनाव. 1952च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमधले त्यांचे कांस्यपदक स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक ठरले. त्यांचा जन्मदिवस, 15 जानेवारी, आता राज्याचा क्रीडादिन आहे. 'खाशाबा' हा कोडे रचणाऱ्याच्या आवडीचा शब्द असणार: तीन घरे, तिन्हींना काना, आणि शेवटचा 'बा' थेट ताडोबाच्या 'बा'ला छेदतो.

शब्दकोडे तसे फार जुने नाही. आर्थर विन याने 21 डिसेंबर 1913 रोजी न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्रात पहिले छापले, तेही हिऱ्याच्या आकाराचे. आपल्याकडे ते आले आणि लवकरच पैशांच्या स्पर्धांना जुंपले गेले. प्रवेश शुल्क भरा, कोडे भरून पाठवा, हजारोंचे बक्षीस. बंगळूरहून निघणाऱ्या स्पोर्टिंग स्टार या साप्ताहिकातून अशी एक स्पर्धा चाले आणि मुंबई राज्यातून तिला भरपूर प्रवेशिका जात. राज्याने कर लावला, आयोजक चामारबागवाला न्यायालयात गेले, आणि 1957 साली सर्वोच्च न्यायालयाने ती स्पर्धा जुगारात काढली. त्याआधी 1955 सालच्या केंद्रीय कायद्याने अशा स्पर्धांच्या बक्षिसावर महिन्याला हजार रुपयांची मर्यादा घातलीच होती. त्या वेळच्या कोड्यांतली खोच अशी, की एका सूत्राला दोन शब्द सारखेच शोभत आणि खरा ठरे तो आयोजकाने आधी ठरवलेला. विचार करणारा आणि चिठ्ठी उचलणारा एकाच पातळीवर येत.

विचाराने एकच उत्तर ठरते का, ही कसोटी आजही लावता येते. सगळी छेदघरे भरल्यावरही 'माही' की 'थाला' हे ठरत नसेल, तर दोष तुमचा नाही, रचणाऱ्याचा आहे. त्या कोड्यावर डोके फोडू नये. पुरवणीत अशी कोडी बरीच येतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या उत्तरात 'थाला' पाहून वाचक स्वतःलाच अडाणी समजतो.

चंद्रपूर-गडचिरोलीत कोडे रचायला बसणाऱ्या शिक्षकांसाठी आता थोडे. वर्गातल्या मुलांच्या घरी गोंडी किंवा माडिया बोलतात, मराठी शाळेत भेटते, आणि 'लिटल मास्टर'सारखे इंग्रजी टोपणनाव त्याच्याही पलीकडचे. तिथे कोडे ओळखीच्या नावांवर उभे करावे. मे 2018 मध्ये मिशन शौर्य या उपक्रमातून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोचले: मनीषा धुर्वे, उमाकांत मडावी, विकास सोयाम, कविदास काठमोडे आणि प्रमेश आळे. देशभर चालणारे टोपणनाव त्यांना कुणी दिलेले नाही आणि कोड्याच्या सोयीसाठी आपणही ते चिकटवू नये. त्यांची आडनावेच घ्या. वर्गातल्या निम्म्या मुलांची आडनावे तीच असतील. सूत्र सगळ्यांना एकच द्या, 'एव्हरेस्ट, 2018', आणि कुठले घर कुणाचे ते छेदांवर सोडा. सोयामचा शेवटचा 'म' आणि मडावीचा पहिला 'म' एकाच घरात बसतो. काठमोडेला चार घरे लागतात, धुर्वेला दोन. एवढ्यावर चौकट उभी राहते. ती आखली की फळ्यावर लावण्याआधी ज्याने उत्तरे पाहिलेली नाहीत अशा कुणालातरी सोडवायला द्या. त्याला एखाद्या जागी दोन उत्तरे सापडली, तर सूत्र बदला.